बेचाळिसावा प्रोग्राम

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

जुन्या वहीत अकरा पानं कोरी आहेत, तरी आज नवी काढली. कारखान्यात आजपासून जे सुरू झालंय त्याची नोंद वेगळी असावी. उद्या कुणी विचारलं की हे कसं झालं, तर तारखेसकट पुढं ठेवता आलं पाहिजे.

प्रभुमालकांनी एका बाईंना कामावर घेतलं. (प्रभु म्हणजे आधीच्या रुद्रप्पामालकांचा मुलगा. वय छत्तीस. मी याला चड्डीत बघितलाय, पण आता मालक म्हणावं लागतं.) यास्मीन शेख. पुण्यात बारा वर्षं कोबॉलवर (माझे प्रोग्राम याच कॉम्प्युटर-भाषेत आहेत) काम केलंय, आता नवऱ्याच्या ट्रान्सपोर्टच्या धंद्यामुळं सोलापूरला परत आल्या. माझ्या मदतीला घेतलंय, असं मालक म्हणाले. मला मदत लागते हे मला आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कळलं.

नोंद असावी म्हणून लिहितो. सूत किती आलं, कुठल्या मागावर काय चाललंय, कुठल्या गठ्ठ्यात कुठला टॉवेल गेला, ही सगळी सिस्टिम १९९६ ते २००९ या काळात मी एकट्याने लिहिली. शिकवायला कुणी नव्हतं. नवी पेठेत रद्दीवाल्याकडं एक इंग्रजी पुस्तक मिळालं, त्याची पहिली चोवीस पानं नव्हती. त्या पानांत काय असेल ते मी विचार करून काढलं. असे एकूण एकेचाळीस प्रोग्राम आहेत.

यास्मीनबाईंनी संध्याकाळी सांगितलं की बेचाळीस आहेत. पुन्हा मोजा म्हणालो. बाकी वागायला चांगल्या आहेत. मला 'सर' म्हणतात.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज त्यांनी विचारलं की सगळे कॉल बांधलेले का ठेवलेत. म्हणजे पहिल्या आठवड्यातच सिस्टिमच्या पायाला हात.

इथं समजावून लिहितो. माझ्या सिस्टिममध्ये 'माप' नावाचा एक छोटा प्रोग्राम आहे, तो मी मोजणीत धरत नाही. टॉवेलचा नंबर दिला की तो लांबी-रुंदी सांगतो. बाकीचे एकेचाळीसच्या एकेचाळीस त्याला हाक मारतात. हाक मारायच्या पद्धती दोन. एक, प्रोग्राम तयार करतानाच 'माप'ची एक प्रत त्याच्या पोटात बांधून द्यायची. हा बांधलेला कॉल. दुसरी, पोटात फक्त नाव ठेवायचं आणि काम निघालं की त्या नावाने मशीनमध्ये शोधायचं. हा आयत्या वेळचा कॉल, इंग्रजीत डायनॅमिक म्हणतात. नाव मोठं आहे.

बांधलेल्यात एकच मेहनत असते. एखादं माप बदललं की एकेचाळीस प्रोग्राम पुन्हा बांधायचे. दीड दिवस जातो. शेवटचं २०११ ला बांधलं. क्रम माझ्या काळ्या वहीत आहे, एकेकाला बांधून झालं की पुढं टिक करायची. हे दुसऱ्या कुणाला जमत नाही, आणि मी जमू दिलेलं नाही.

यास्मीनबाईंना मी शिदोरीचं उदाहरण दिलं. बांधलेला कॉल म्हणजे घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून निघालेला माणूस. आयत्या वेळचा कॉल म्हणजे वाटेत हॉटेल लागेल या भरवशावर निघालेला. उपमा इतकी चपखल होती की घरी येऊन महेश्वरीलाही सांगितली. ती म्हणाली, "कडक भाकरी टिकते हो. पण चौदा वर्षांची?"

बायकोला उपमेत शिरायचं कुठं आणि थांबायचं कुठं हे कळत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बंगळुरूच्या एका हॉटेलवाल्यांची ऑर्डर आहे. चौदा नंबरचा बाथ टॉवेल, बारा हजार नग. मोठं गिऱ्हाईक, म्हणून मी स्वतः पॅकिंगमध्ये जाऊन आलो.

तिथं जे दिसलं ते धक्कादायक होतं. शरणम्मा (पॅकिंगची मुख्य, दुधनीची, सव्वीस वर्षं नोकरी) कानावर पेन ठेवून बसली होती आणि टॉवेलला लावायच्या, कॉम्प्युटरने छापलेल्या पट्ट्यांवर एकेक करून पेनने खोडून वर काहीतरी लिहीत होती. छापील पट्टीवर! काय खोडलं होतं ते मी बघितलं नाही. खोडलेलं आहे एवढं पुरेसं होतं. माझा लेबल-३ हा प्रोग्राम २००९ साली लिहिल्यापासून त्याला एकदाही हात लावावा लागलेला नाही, आणि ही बाई त्याच्यावर निळ्या शाईने गिरगटते.

मी विचारलं, हे कधीपासून चाललंय. म्हणाली, लई दिस झालं. अशा गोष्टी लेखी करायच्या असतात.

१० नोव्हेंबर, सोमवार

नोटीस लागली. मजकूर माझा, सही मालकांची. "छापील पट्टीवर हाताने काहीही लिहू नये, खोडू नये, गिरवू नये. असे आढळल्यास संबंधितांना जबाबदार धरण्यात येईल." 'गिरवू' हा शब्द मालक काढत होते, मी ठेवायला लावला. पळवाट राहायला नको.

दुपारी शरणम्मा केबिनच्या दाराशी येऊन उभी राहिली. कायतरी सांगायचं हाय अण्णा, म्हणाली. मी त्या वेळी सुताचा हिशेब जुळवत होतो, मधे बोललं की बेरीज चुकते. जे असेल ते लिहून आण म्हणालो. ती गेली. तिला मराठी लिहिता येत नाही हे नंतर यास्मीनबाईंनी सांगितलं. मग दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायचं. अडतंय कुठं?

१२ नोव्हेंबर, बुधवार

आयत्या वेळच्या कॉलवर आज चहाच्या वेळी चर्चा झाली. मी चार आक्षेप घेतले. पैकी सगळ्यात मोठा असा: आयत्या वेळी 'माप' सापडलाच नाही तर? कुणी नाव बदललं, फाईल हलवली, तर सगळी सिस्टिम जागच्या जागी थांबेल. बांधलेल्यात हे होणं शक्य नाही.

यास्मीनबाई म्हणाल्या, "सर, नवा सापडला नाही तर थांबेल, बरोबर आहे. पण पोटात जुना असला तर थांबणारच नाही. चुकीचं छापत चालत राहील, आणि कुणाला कळणारही नाही."

वाक्य ऐकायला बरं आहे, पण चूक आहे. का चूक आहे ते उद्या सविस्तर लिहितो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

विशेष काही नाही. हॉटेलच्या मालाच्या पट्ट्या बघून आलो. एकाही पट्टीवर पेन नाही. डोळ्यांना बरं वाटलं. उद्या माल निघेल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आठ दिवस वही उघडली नाही. आज उघडायला कारण घडलं.

बंगळुरूहून सगळा माल परत आला. पट्टीवर सत्तावीस बाय चोपन्न इंच छापलंय, आतला टॉवेल तीस बाय साठचा आहे. हॉटेलवाल्यांचं म्हणणं असं की ज्या कारखान्याला स्वतःच्या टॉवेलचं माप माहीत नाही त्याच्याकडून आम्ही काही घेत नाही.

मालकांनी सगळ्यांना बोलावलं. कॉम्प्युटरची चूक असेल तर जानेवारीपासून तयार पॅकेज घेणार आणि ही जुनी सिस्टिम बंद करणार, असं स्पष्ट म्हणाले. माझ्याकडं बघून नाही, भिंतीकडं बघून म्हणाले. मी सांगितलं की 'माप'मध्ये चौदा नंबर तीस बाय साठच आहे. जून २०११ मध्ये नवे माग आले तेव्हा मी तो स्वतः बदलला आणि दीड दिवस बसून एकेचाळीसही प्रोग्राम बांधले. तारीख, वेळ, सगळं काळ्या वहीत आहे. मालकांना तिथल्या तिथं 'माप' चालवून दाखवला. तीस बाय साठ.

मग पॅकिंगकडं वळले. माल बांधताना टॉवेल आणि पट्टी जुळवून बघणं शरणम्माचं काम. तिला विचारलं, तुला फरक दिसला नाही का? ती म्हणाली, दिसला. मग सांगितलं का नाहीस? तिने माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "नोटिशीत लिवलंय की, हात लावू नका म्हनून."

मी म्हणालो, लिहू नका म्हटलंय, सांगू नका म्हटलेलं नाही. मुद्दा बिनतोड होता.

२२ नोव्हेंबर, शनिवार

शरणम्माला आजपासून घरी बसायला सांगितलं. एक तारखेला येऊन कागद घेऊन जा म्हणाले, म्हणजे कायमचंच. सव्वीस वर्षं झाली होती. वाईट वाटलं, पण शिस्त म्हणजे शिस्त. माझी सिस्टिम वाचली.

जाताना पॅकिंगच्या बायका फाटकापर्यंत गेल्या. माझ्या केबिनसमोरून परतल्या, पण रोजच्यासारखं 'अण्णा' कुणी म्हटलं नाही. घाईत असतील.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

यास्मीनबाईंनी आज हळूच विचारलं, "सर, लेबल-३ ची बांधल्याची तारीख एकदा बघणार का?"

मी जरा आवाज चढवला. २०११ ला एकेचाळीस बांधलेत, त्यात लेबल-३ आलाच. त्या म्हणाल्या, हो सर, एकेचाळीस. आणि परत आपल्या कामाला लागल्या. मला हा सूर आवडला नाही. घरी महेश्वरीला सांगितलं. ती म्हणाली, बघायला काय जातंय? मी म्हणालो, विश्वासाचा प्रश्न आहे. कुणावर, असं तिने विचारलं. तिला उत्तर दिलं नाही, इथंही देत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

बघितली.

काळ्या वहीत पान आठ. तळाशी सतरा नंबर, मागवारी (मागागणिक हिशेबाचा प्रोग्राम). पान उलटलं की वर पुन्हा सतरा नंबर, लेबल-३. पुढं अठरा. सतरा दोनदा लिहिलाय. टिक एकच, पहिल्या सतरापुढं. दुसऱ्या सतरापुढं काही नाही. चार वेळा बघितलं, चष्मा पुसून बघितलं.

म्हणजे प्रोग्राम बेचाळीस आहेत. म्हणजे २०११ च्या जूनपासून लेबल-३ च्या पोटात जुना 'माप' आहे, आणि चौदा नंबरच्या प्रत्येक पट्टीवर तो चौदा वर्षं सत्तावीस बाय चोपन्न छापतोय. आणि चौदा वर्षं कुणीच तक्रार केली नाही, कारण

हे वाक्य पुरं करण्याची गरज नाही. मला कळलं.

अक्षर माझंच आहे. तो इंग्रजी सात मी मधे आडवी रेघ देऊन काढतो, दुसरं कुणी काढत नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज जेवणाच्या सुट्टीत लेबल-३ बांधला. अठरा मिनिटं लागली. चौदा नंबरची पट्टी छापून बघितली, तीस बाय साठ. आता सिस्टिममध्ये काहीही चूक नाही. दुरुस्ती झाली म्हणजे विषय संपला, तांत्रिकदृष्ट्या.

वहीत दुसऱ्या सतराला 'सतरा-अ' केलं. जेवलो नाही.

मला बी.कॉम. पुरं करता आलं नाही. इथं जे आहे ते मी केलंय. पॅकेज आलं तर मला स्टोअरमध्ये खिडकीशी बसवतील, गठ्ठ्यांवर शिक्के मारायला. हे मी कुणाला सांगत नाही, फक्त लिहून ठेवतो. शरणम्माचं वय सत्तावन्न, तशीही एक-दोन वर्षंच राहिली होती. असा विचार मी आज तीन वेळा केला. तिसऱ्या वेळी तो पहिल्यापेक्षा कच्चा वाटला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

यास्मीनबाई निघताना पर्स खांद्याला लावून माझ्या टेबलाशी थांबल्या. "सर, लेबल-३ ची तारीख बदललीय. परवाची दिसते."

मी म्हणालो, हो.

त्या म्हणाल्या, "शरणम्मा सोमवारी कागद घ्यायला येणार आहेत." एवढंच. मालकांना सांगेन असं म्हणाल्या असत्या तर मला भांडता तरी आलं असतं.

१ डिसेंबर, सोमवार

काल रविवारभर बसून निवेदन लिहिलं. तीन पानं, दोन्ही बाजूंनी नाही. बांधलेल्या कॉलचा इतिहास, २०११ ची परिस्थिती, वहीच्या पानांचा आकार, पृष्ठांतरामुळं उद्भवणारी क्रमांकाची पुनरुक्ती. भाषा चांगली उतरली होती. साडेनऊला मालकांच्या टेबलावर ठेवलं आणि समोर उभा राहिलो.

मालकांनी तिन्ही पानं वाचली. मग म्हणाले, "म्हणजे थोडक्यात, शरणम्मानं बघायला पाहिजे होतं."

तीन पानांत मी तसं कुठंही लिहिलेलं नव्हतं. पण तसं नाही, असंही लिहिलेलं नव्हतं. मला हे तिथं उभं राहिल्यावर कळलं. बाहेरच्या बाकावर शरणम्मा बसलेली काचेतून दिसत होती, मांडीवर पिशवी घेऊन.

मी म्हणालो, "नाही मालक. चूक माझी आहे. सतरा नंबर मी दोनदा लिहिला. पट्टी चौदा वर्षं चुकत होती आणि शरणम्मा चौदा वर्षं ती दुरुस्त करत होती. नोटीस काढून मीच तिचा हात अडवला."

मालकांनी पेपरवेट उचलून तिन्ही पानांवर ठेवलं. मग म्हणाले, ही तीन पानं कशाला लिहिलीत? मग यास्मीनबाईंना बोलावून विचारलं, पॅकेज घ्यायचं का. त्या म्हणाल्या, सिस्टिम चांगली आहे, पक्की लिहिलीय, फक्त बांधलेले कॉल सुटे करायला पाहिजेत. 'पक्की लिहिलीय' हे त्यांनी मालकांपुढं म्हटलं. नोंद करतो.

निर्णय असा: शरणम्मा कामावर परत. बेचाळीस प्रोग्राम आयत्या वेळच्या कॉलवर न्यायचे. काम यास्मीनबाई करणार. मी शेजारी बसायचं.

मी बाहेर आलो तेव्हा बाकावर मात्र कुणी नव्हतं. कुणी बोलावत नाही हे बघून शरणम्मा कागद न घेताच गेली असावी.

२ डिसेंबर, मंगळवार

शेळगीला शरणम्माच्या घरी जाऊन आलो. परत बोलावणं पोचवायला शिपाई गेला असता, पण मीच गेलो. वाक्य तयार करून नेलं होतं, 'माझ्याकडून अनवधानाने' असं सुरू होणारं. तिच्या सुनेने चहा दिला आणि वाक्य राहून गेलं. चुकलं माझं, एवढं म्हणालो.

शरणम्मा शेंगा फोडत होती. हात न थांबवता म्हणाली, "अण्णा, मी अकरा सालीच सांगितलंय की तुमास्नी. पट्टीवर माप येगळं येतंय म्हनून."

मला आठवेना. मी काय म्हणालो होतो, असं विचारलं.

"तुमी म्हनला, पट्टी चुकत न्हाय. टॉवेल परत मोज."

"मग?"

"मोजला की. तीस-साठच भरला. मग पेन घेतलं."

सून आत गेली, हसायला गेली असणार. शरणम्मा मात्र हसली नाही. "इरली बिडरी," म्हणाली कानडीत, म्हणजे असू दे. आणि मूठभर शेंगा माझ्याकडं सरकवल्या. गुरुवारपासून येते म्हणाली. हॉटेलवाल्यांना मालकच फोन करणार आहेत, ते ऐकतील असं वाटत नाही.

येताना रिक्षात हिशेब केला, चौदा वर्षांत तिने किती पट्ट्या खोडल्या असतील. आकडा लिहीत नाही. पहिल्यांदाच असं होतंय की आकडा माहीत असून लिहीत नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

सगळे बेचाळीस सुटे झाले. आज पहिल्यांदा चालवले, आणि सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी सगळी सिस्टिम जागच्या जागी थांबली. पडद्यावर आलं, 'माप' सापडला नाही. माझा बारा नोव्हेंबरचा आक्षेप शब्दशः खरा ठरला. मी खुर्चीत मागं रेलून बसलो. बोलायची गरज नव्हती.

यास्मीनबाईंनी बघितलं, फाईल चुकीच्या फोल्डरमध्ये गेली होती. दोन मिनिटांत हलवली, चालू झालं.

त्या दोन मिनिटांत एकही पट्टी छापली गेली नाही. बरोबर नाही आणि चुकीचीही नाही. यावर बारा नोव्हेंबरपासून जे सविस्तर लिहायचं राहिलं होतं ते आता लिहायला नको.

१६ डिसेंबर, मंगळवार

नऊ नंबरच्या नॅपकिनचं माप बदललं. मला विचारलं नाही. यास्मीनबाईंनी 'माप'मध्ये बदललं, चार मिनिटं, आणि बेचाळीस जणांना आपोआप कळलं. पूर्वी दीड दिवस कारखाना माझ्याकडं बघत असे. मी बेचाळीसही प्रोग्राम एकेक करून हाताने तपासले, बरोबर निघतात का म्हणून. बरोबर निघाले. दुपार गेली.

साडेचारला पॅकिंगमधून निरोप आला, शरणम्मा बोलावतीय. लिहून आण म्हणायचं तोंडावर आलं होतं. गेलो.

ती म्हणाली, "पट्टीवरचा आकडा थोरला निघंल का अण्णा? आता डोळं साथ देत न्हाईत."

केवढा पाहिजे ते तिने बोटांनी दाखवलं. परत येऊन लेबल-३ उघडला, सोळा वर्षांत पहिल्यांदा, आणि आकडा मोठा केला. बाकीच्या एकेचाळिसांना हात लावावा लागला नाही. पट्टी छापून घेऊन गेलो. चौदा नंबर, तीस बाय साठ, लांबूनही वाचता येईल असं.

शरणम्माने पट्टी हातात घेतली, वाचली, बाजूला ठेवली. मग ढिगातला एक टॉवेल ओढला, टेबलावर अंथरला आणि टेप लावली. आधी रुंदी. मग लांबी, कडेच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत, सुरकुती हाताने काढत.

मी बाजूला उभा होतो. मला म्हणता आलं असतं की आता मोजायची गरज नाही.

"व्हय," ती म्हणाली, "बरोबर हाय."

मग मी परत आलो.